एकोणसाठवर शून्य

कारखान्यात तिला सगळे भोंगा म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर ताई. कागदाचं मशीन पूर्ण वेगात चालू असलं की शेजारच्याच्या कानाशी तोंड नेलं तरी शब्द ऐकू येत नाही, आणि ही बाई रिवाइंडरपाशी उभी राहून साठ पावलांवरच्या क्रेनवाल्याला ‘थांब!’ म्हणून ओरडायची आणि तो निमूट थांबायचा. बावीस वर्षं ती त्या रिवाइंडरवर होती. मोठ्या रिळावरचा कागद उलगडायचा, त्याचे गिऱ्हाइकाच्या मापाचे रोल करायचे आणि तयार रोल उतारावर सोडून द्यायचे, हे तिचं काम. एकेक रोल हजार-बाराशे किलोचा. उताराच्या टोकाला जमिनीतून वर आलेला लोखंडी अडसर असतो. रोल घरंगळत येऊन त्याच्यावर धडकतो आणि थांबतो. मग टोकाचा माणूस पायाने पॅडल दाबतो, अडसर खाली जातो आणि रोल गोदामाच्या गाडीवर चढतो.

एका पाळीतला तो टोकाचा माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ. पाच आठवड्यांपूर्वी, सकाळच्या पाळीत, बाराशे किलोचा एक रोल अडसरापाशी थांबलाच नाही. सरळ पुढे आला. भावाचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

हे झालं ते झालं. पण त्यानंतर जे झालं त्याने भोंगाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती काही केल्या खाली उतरेना. मशीन बंद ठेवणं परवडत नाही म्हणून त्याच संध्याकाळी जुना अडसर कापून भंगारात टाकला गेला आणि नवा बसवला गेला. पाहणी कशाची करणार? उरला फक्त अहवाल. तो लिहिला सुरक्षा अधिकाऱ्याने. या माणसाला सगळे साखरसाहेब म्हणत, कारण कोणाला कामावरून काढल्याची चिठ्ठीही तो वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्यासारखी द्यायचा. अहवालात त्याने लिहिलं होतं: अडसराची क्षमता अठराशे ज्यूल. रोलची गतिज ऊर्जा सहाशे ज्यूल. म्हणजे अडसर मोडणं शक्यच नाही. म्हणजे कामगाराने रोल यायच्या आधीच पॅडल दाबून ठेवलं होतं. घाईपायी. निष्काळजीपणा.

भाऊ म्हणत होता, मी पॅडलला पाय लावला नव्हता. रोल धडकला आणि अडसर मोडून आडवा झाला. दोन महिने तो अडसर विचित्र वाजत होता, मी दोनदा सांगितलं होतं.

आता त्याचं म्हणणं एकीकडे आणि सहाशेचा आकडा दुसरीकडे. शुक्रवारी सुनावणी होती. चूक त्याची ठरली तर कारखान्यात त्याला बसून करायचं कामसुद्धा मिळणार नव्हतं, आणि त्याहून वाईट म्हणजे स्वतःचा पाय स्वतःच्या हाताने घालवलेला मूर्ख म्हणून तो जन्मभर ओळखला जाणार होता.

नेमक्या त्याच दिवसांत भोंगाला जावा ही संगणकाची भाषा शिकावी लागत होती. मशीनवर संगणकाने चालणारे नवे पॅनेल येणार होते, आणि ज्याला मशीनवर राहायचंय त्याने संगणकाचा वर्ग पुरा करायचा, असा फतवा निघाला होता. स्टोअरच्या वरच्या खोलीत सहा संगणक, सात खुर्च्या, त्यांतल्या एका खुर्चीचं एक चाक गायब. शिकवायला कारखान्याच्या संगणक विभागातली एक मुलगी, पंचविशीची. सगळे तिला मॅडम म्हणत आणि ती सगळ्यांना ताई-दादा. पहिल्या आठवड्यात भोंगाने तिला नको नको करून सोडलं होतं. सेमीकोलन राहिला की संगणक अडून बसायचा, आणि ही खुर्चीतून उठून त्याला दम द्यायची. “एवढासा ठिपका आणि स्वल्पविराम, त्यासाठी अख्खं काम बंद? मी अशी वागले असते तर या कारखान्यातून एक वहीचा कागद बाहेर पडला नसता!”

मंगळवारी मॅडमनी सांगितलं, “आज चालत्या वस्तूची गतिज ऊर्जा काढायचा प्रोग्राम लिहायचा. अर्धा गुणिले वजन गुणिले वेगाचा वर्ग. वेग सेकंदाला किती मीटर, असा घ्यायचा. वस्तू कुठलीही घ्या. चेंडू घ्या, सायकल घ्या.”

बाकीच्यांनी चेंडू घेतले, सायकली घेतल्या. भोंगाने रोल घेतला.

तिला वाटलं, आता बघतेच. साखरसाहेबाचं गणित त्याच्या साहेबी वहीत. आपलं गणित आपल्या हाताने. वजन बाराशे, तिने टाकलं. वेग एकशे पंधरा. त्या सकाळी उतारावरच्या यंत्राने तेवढाच नोंदला होता, तो अहवालातही होता. पण तो आकडा मिनिटाला मीटरचा. कागदाच्या कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाला सेकंदाचा वेग कळतच नाही. तिथे सगळं मिनिटाला मीटर. मशीन मिनिटाला मीटर, उतार मिनिटाला मीटर, जेवायच्या सुट्टीत जिना उतरणाऱ्या माणसालाही ‘आज ऐंशीने चाललायस’ म्हणतात. म्हणून तिने एकशे पंधराला साठने भागलं, आलेलं उत्तर वेगाच्या जागी ठेवलं, मॅडमनी दाखवल्याप्रमाणे पॉइंट पाचने गुणलं, सगळे सेमीकोलन डोळ्यांत तेल घालून तपासले, आणि प्रोग्राम चालवला.

सहाशे.

तिने पुन्हा चालवला. सहाशे. तिसऱ्यांदा चालवला, जणू संगणकाला लाज वाटून तो उत्तर बदलेल. सहाशे पॉइंट शून्य.

“अरे वा ताई, पहिल्या झटक्यात चालला!” मॅडम मागून म्हणाल्या. “सुरक्षा विभागाच्या प्रोग्रामलाही बाराशे किलोला सहाशेच येतात. बरोबर आलंय तुमचं.”

भोंगा काही बोलली नाही. वर्गातल्या पाचही जणांनी माना वळवून पाहिलं, कारण ती काही बोलली नाही ही बातमीच होती.

घरी जाईपर्यंत तिच्या डोक्यात नुसती तिडीक. कोणावर ते तिलाही सांगता आलं नसतं. साखरसाहेबावर रागवायचं तर त्याचं गणित खरं निघालं होतं, आणि ते खरं ठरवलं होतं तिनेच, स्वतःच्या दोन बोटांनी एकेक अक्षर शोधून. भाऊ तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहायचा. भावजय कामावरून यायची होती. तो खिडकीपाशी खाटेवर बसला होता, पायावर चादर, आणि रेडिओची पेटी उघडून त्यातली तार स्क्रू-ड्रायव्हरने बसवत होता. बसून करता येईल असं काम त्याने घरातल्या घरात शोधायला सुरुवात केली होती.

“खरं सांग,” ती दारातूनच म्हणाली. चपलाही काढल्या नाहीत. “पॅडल दाबलं होतंस?”

त्याने मान वर केली. “काय?”

“मी विचारतेय तेवढंच सांग. दाबलं होतंस का? घाई होती, माल मागे पडला होता, सगळ्यांनीच कधी ना कधी दाबलंय. मी कोणाला सांगणार नाही. पण मला तरी खरं सांग!”

“ताई, तू विचारतेयस हे?”

“मी गणित केलं! माझ्या हाताने केलं! सहाशे येतात. सहाशेने तो अडसर मोडत नाही. मग मोडला कसा? सांग ना, कसा मोडला?”

भोंगाचा आवाज घरात मावत नसे. शेजारच्या बाईने खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. भावाने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. तो रागावेल, ओरडेल, काहीतरी फेकून मारेल असं तिला वाटलं होतं, आणि खरं तर तेच तिला हवं होतं.

“नाही दाबलं,” तो म्हणाला.

“मग सहाशे कसे?”

“मला नाही माहीत. मी रोल बघितला, आकडा नाही बघितला.” त्याने भिंतीकडे तोंड केलं. “तू जा आता.”

ती गेली. रात्रभर तिने स्वतःशी भांडण केलं. सकाळी पाळीवर उभी राहिली तेव्हा तिच्या रिवाइंडरवरून पहिला रोल उतारावर गेला, आणि बावीस वर्षांत हजारो वेळा पाहिलेली गोष्ट तिने पहिल्यांदाच नीट पाहिली. पूर्वी हे रोल सत्तर-ऐंशीने उतरायचे. माणूस बाजूला उभा राहून निवांत बघू शकायचा. गेल्या तीन-चार महिन्यांपासून शंभरच्या वर सोडायचा हुकूम होता. एकशेवीसला धोक्याची घंटा वाजते, तेवढं सांभाळायचं. हा रोल एकशेदहाने गेला, आणि नव्या अडसरावर आदळला तेव्हा तिच्या पायाखालची फरशी हलली. सत्तरला कधी हलत नसे. सत्तरच्या रोलला थोडा धक्का असतो. एकशेदहाच्या रोलपासून माणूस लांब पळतो. हे तिच्या गुडघ्यांना माहीत होतं, कंबरेला माहीत होतं. मग त्या संगणकाला का माहीत नव्हतं?

पाळी संपताच ती वर्गात गेली. मॅडम अजून यायच्या होत्या. तिने कालचा प्रोग्राम उघडला आणि एकशे पंधराच्या जागी सत्तर टाकले. सहाशे. शंभर टाकले. सहाशे. एकशे एकोणीस. सहाशे. ती खुर्चीवरून अर्धी उठली. साठ टाकले. सहाशे.

“नालायका,” ती संगणकाला म्हणाली. “ताकद तेवढीच? रोल दुप्पट वेगाने आला तरी तेवढीच?”

मग तिने एकशेवीस टाकले. उत्तर आलं चोवीसशे. एकशे एकोणीसला सहाशे आणि एकशेवीसला चोवीसशे! एका मीटरने एवढी उडी? आता रागापेक्षा एखाद्या भामट्याची गचांडी पकडल्यासारखं तिला वाटायला लागलं. तिने खाली जायचं ठरवलं. एकोणसाठ.

शून्य.

बाराशे किलोचा रोल, एकोणसाठच्या वेगाने चाललाय, आणि त्याची ऊर्जा शून्य. तिने ते उत्तर वाचलं आणि खोलीबाहेर जाऊन जिन्यावरून हाक मारली. “मॅडम!” ती हाक खालच्या स्टोअरमध्ये, त्याच्या पलीकडच्या आवारात आणि बहुधा गेटपर्यंत गेली. मॅडम हातातला चहा सांडत धावत वर आल्या.

त्यांनी पडद्यावर पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“पूर्ण संख्या भागिले पूर्ण संख्या,” त्या हळूच म्हणाल्या. “वेग आणि साठ, दोन्ही तुम्ही इंट घेतलेत. इंट म्हणजे अपूर्णांक नसलेला आकडा. इंटला इंटने भागलं की जावा उरलेला भाग टाकून देते. एकशे पंधराला साठने भागून एक पॉइंट नऊ यायला हवं. तिने नऊ फेकून दिले, एक ठेवला.”

“आणि एकोणसाठला?”

“शून्य पॉइंट नऊ. शून्य ठेवलं.” मॅडमनी कपाळावर हात मारला. “ताई, ही नवशिक्यांची चूक आहे. दुसऱ्या धड्यात आहे. काल मी बघायला हवं होतं. मी उत्तर बघितलं, सुरक्षा विभागाशी जुळतंय म्हणून...”

त्या तिथेच थांबल्या, कारण दोघींच्याही डोक्यात एकाच वेळी तीच गोष्ट आली होती. उताराच्या खांबावर साखरसाहेबाने एक तक्ता लावला होता. भोंगा तो दोन वर्षं रोज पाहत होती. हजार किलो, पाचशे ज्यूल. बाराशे किलो, सहाशे. चौदाशे किलो, सातशे. प्रत्येक ओळीत वजनाचं निम्मं. खाली ठळक अक्षरांत: ‘साठ ते एकशे एकोणीस या वेगात आघात समान राहतो.’ याच ओळीच्या जिवावर उताराचा वेग वाढवला होता. याच ओळीवर अडसर मागवले होते.

“त्यांच्या प्रोग्राममध्येही हेच,” भोंगा म्हणाली.

मॅडमनी साठच्या जागी साठ पॉइंट शून्य लिहिलं. एक टिंब आणि एक शून्य, बाकी काही नाही. प्रोग्राम चालवला. दोन हजार दोनशे चार.

“आणि हे नुसतं पुढे सरकण्याचं,” त्या म्हणाल्या. आता त्यांचाही आवाज चढला होता. “रोल घरंगळतो. फिरण्याची ऊर्जा वेगळी, आतून भरीव असेल तर याच्या अर्धी आणखी. तेहतीसशेच्या वर जातं. तो अडसर मोडणारच होता, ताई. एवढे दिवस टिकला कसा हाच प्रश्न आहे.”

भोंगाने त्या पानाच्या पाच प्रती छापायला लावल्या.

शुक्रवारी अकराला सुनावणी सुरू झाली. लांब टेबल, भिंतीवर पडदा, मधोमध कारखान्याच्या व्यवस्थापक बाई. साखरसाहेब लॅपटॉप उघडून बसला होता. भाऊ कुबड्या टेबलाला टेकवून टोकाच्या खुर्चीवर बसला होता. मंगळवारनंतर तो बहिणीशी एक अक्षर बोलला नव्हता. तिने गाडीतून यायचं विचारलं तर भावजयीकरवी नको म्हणून सांगितलं होतं.

साखरसाहेबाने अहवाल वाचला. मग अतिशय हळव्या आवाजात म्हणाला, “आम्हा सगळ्यांनाच फार वाईट वाटतंय. पण आकड्यांना भावना नसतात.”

“साहेब,” भोंगा म्हणाली, “तुमचा प्रोग्राम पडद्यावर लावा.”

“ताई, ते जरा तांत्रिक आहे.”

“लावा!”

व्यवस्थापक बाईंनी मान हलवली. पडद्यावर चौकटी आल्या: वजन, वेग, ऊर्जा.

“वजन बाराशे टाका. वेग एकोणसाठ.”

साखरसाहेब हसत हसत टाइप करत होता. हसू तोंडावरच राहिलं, त्याचे डोळे मात्र पडद्यावर थबकले. ऊर्जा: शून्य.

“एकोणसाठला शून्य,” भोंगा म्हणाली. ती ओरडली नव्हती, पण खोलीतला प्रत्येक जण ताठ झाला. “म्हणजे काहीच लागत नाही. होय ना? मग चला माझ्याबरोबर खाली. बाराशे किलोचा रोल मी एकोणसाठने सोडते. तुम्ही उतारावर उभे राहा. अडसर खाली पाडून. तुमच्याच आकड्यावर उभे राहा, साहेब!”

कोणी हललं नाही. साखरसाहेब एक घोट पाणी प्यायला.

“आता एकशे एकोणीस टाका. आता एकशेवीस टाका. बघितलंत? माझ्या भावाने दोनदा सांगितलं अडसर वाजतोय, त्याचं कोणी ऐकलं नाही. आणि या पेटीने सांगितलं रोल चालत असून उभा आहे, ते तुम्ही खांबाला चिकटवलंत! दुसऱ्या धड्यातली चूक आहे ही. मी बारावी नापास बाई, मीही केली. पण मी माझ्या चुकीवर माणसांना उभं केलं नव्हतं!”

तिने छापलेली पानं टेबलावर सरकवली. व्यवस्थापक बाईंनी एक उचललं, दोनदा वाचलं आणि साखरसाहेबाकडे पाहिलं.

“ही एक छोटी तांत्रिक त्रुटी...” तो म्हणाला.

“छोटी?” भोंगा उभी राहिली, खुर्ची मागे पडली. “त्याच्या पँटचा पाय वर करून दाखवू का किती छोटी आहे ते?”

पुढचं झटपट झालं. अहवाल मागे घेतला गेला. सगळे उतार त्याच दुपारी बंद करायचे ठरले. भावाची काहीही चूक नव्हती असं व्यवस्थापक बाईंनी स्वतः लिहून, सही करून, त्याच्या हातात दिलं. बरा झाला की त्याला पॅनेल खोलीत बसून काम मिळणार होतं. साखरसाहेबाने लॅपटॉप मिटला आणि भिंतीच्या कडेकडेने निघून गेला, त्याला कोणी हाक मारली नाही की वाट करून दिली नाही.

बाहेरच्या लांब मार्गिकेत भाऊ कुबड्यांवर हळूहळू चालला होता. भोंगाने त्याला गाठलं.

“सुटलास,” ती म्हणाली. “त्याचं तोंड बघितलंस का?”

तो थांबला. हातातला सहीचा कागद त्याने घडी करून खिशात ठेवला, मग वर पाहिलं.

“ताई, मंगळवारी मी काय सांगितलं होतं तुला?”

तो उत्तरासाठी थांबला नाही.

“पॅडल दाबलं नाही. आजही तेच. माझ्याकडचं काही बदललं नाही. तुझ्या प्रोग्राममध्ये एक टिंब वाढलं, एवढंच.” त्याचा आवाज चढला नव्हता. त्याला चढवायची गरजच नव्हती. “साहेबाचं ठीक आहे. त्याने उतार कधी बघितलेला नाही. तू तिथे बावीस वर्षं उभी आहेस. तुलाही आधी टिंब लागलं.”

साठ पावलांवरच्या माणसाला थांबवणाऱ्या त्या बाईला एक पाऊल पुढे उभ्या असलेल्या भावाला काही म्हणता आलं नाही. जो राग महिनाभर तिने साखरसाहेबासाठी सांभाळून ठेवला होता तो आता परत तिच्याकडेच आला होता, आणि त्याला दुसरा पत्ता नव्हता. तिने पुढे होऊन जड दार उघडून धरलं. तो कुबड्या टेकत तिच्या बाजूने गेला. उंबऱ्यापाशी त्याचा तोल किंचित गेला तेव्हा तिने हात पुढे केला. त्याने दाराची चौकट धरली.